कावळा शिवल्याचं खोटं

मला प्लेग झाला आणि मी जगले. लोक म्हणतात, देवाची कृपा, नवस फेड. नवस मी बोललेच नव्हते, तर फेडू काय? माझ्या डोक्यात अजून राग आहे आणि तो घेऊनच मी लिहायला बसले आहे. बडोद्याच्या महाराजांनी मुलींसाठी शाळा काढल्या, माझ्या वडिलांनी मला तिथे घातलं, म्हणून चार अक्षरं येतात.

आमच्या वाडीतल्या बायका अजूनही माझ्याकडे येतात. इकडचं तिकडचं बोलतात आणि उठता उठता विचारतात, "गाठ फुटताना फार दुखतं का हो?" मी विचारते, "कोणाला आली आहे?" की लगेच, "छे छे, सहज विचारलं." सहज! गाठीची चौकशी सहज करतं का कोणी? त्या बायकांसाठी हे लिहिलं आहे. औषधांची नावं मला ठाऊक नाहीत, ती डॉक्टरला विचारा. माझ्या घरात काय घडलं एवढं मी सांगते.

उंदीर

घरात आम्ही चौघं होतो. सासूबाई, आमचे हे, मी आणि माझी नणंद मनू. रीतीप्रमाणे मी तिला 'वन्सं' म्हणायची, पण ती तेरा वर्षांची, माझ्याहून कितीतरी लहान. वन्सं म्हटलं की तीच फिसकन हसायची. तिचं लग्न रावपुऱ्यातल्या एका घरी ठरलं होतं. सुपारी फुटली होती आणि मुहूर्त फाल्गुनातला होता.

त्या पौषात बडोद्यात प्लेग होता. शेजारच्या गुजराती बायका 'मरकी आवी' म्हणायच्या आणि पोरांना आत ओढून दार लावायच्या. पोळेच्या, म्हणजे आमच्या गल्लीच्या, तोंडाशी दवंडी झाली होती. ज्या घरात उंदीर मरून पडेल त्या घरानं कळवावं, घर रिकामं करावं आणि गावाबाहेर झोपडी बांधून राहावं. आमचे हे सरकारी कचेरीत कारकून. अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्यांना प्लेगच्या कामावर घेतलं होतं. दवंडीचा मजकूर यांनीच लिहिलेला. तपासनीस घरोघर फिरून याद्या आणायचे, त्या याद्या हे संध्याकाळी स्वच्छ उतरवून वर पाठवायचे.

आमच्या कोठीच्या खोलीत पहिला उंदीर पडला तो यांनी पाहिला, मीही पाहिला. सासूबाईंनी तो चिमट्यानं उचलून मागच्या गटारात टाकला आणि जागेवर गोमूत्र शिंपडलं. "एक उंदीर मेला म्हणून घर सोडायचं? लग्नघर आहे हे," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पडले. यांनी पगडी घातली आणि कचेरीत गेले. तिथे 'उंदीर पडताच कळवावे' असं चार प्रतींत लिहायचं राहिलं होतं.

मी का बोलले नाही? सून होते म्हणून. त्या वेळी मला ते कारण पुरेसं वाटलं होतं.

सुपारीएवढी

दुपारी तांदूळ निवडत होते. एकाएकी इतकी थंडी भरली की सूप हातातून सुटलं. संध्याकाळपर्यंत डोकं असं ठणकायला लागलं की डोळे उघडवेनात. डावा हात अंगाला चिकटवून धरता येईना. चोळी बदलायला मनू मदतीला आली, तिचा हात काखेत लागला आणि मी किंचाळले.

"अगबाई, वहिनी! इथे सुपारीएवढं काय आलंय?"

सासूबाईंनी धावत येऊन आधी तिच्या तोंडावर हात दाबला, मग माझ्या काखेत पाहिलं, मग दार लावलं. त्याच क्रमानं. यांना बोलावून सांगितलं तेव्हा हे भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "आता?"

मरणाची भीती मला दुसऱ्या दिवशी वाटली. पहिल्या दिवशी भीती होती ती तपासणीची. दोनच दिवसांपूर्वी पलीकडच्या गल्लीत तपासणीवाल्यांनी बायकांना घराबाहेर काढून रस्त्यात ओळीनं उभं केलं होतं. हात वर करायला लावले. परका पुरुष काखा चाचपत पुढे गेला आणि शिपाई हसत होते. त्या ओळीत एक म्हातारी होती, तिच्या डोक्यावरचा पदर जावयासमोरसुद्धा कधी ढळला नव्हता. ती नंतर दोन दिवस जेवली नाही.

मला सांगा, ज्यानं हा हुकूम काढला त्याला आईबहीण नव्हती का? रोग शोधायचा तर शोधा, शोधायलाच हवा. पण बाईला तपासायला एक बाई मिळाली नाही तुम्हाला अख्ख्या बडोद्यात? सुइणी मिळतात, मालिशवाल्या मिळतात, कासारणी घरोघर बांगड्या भरतात, आणि प्लेगला मात्र पुरुषच हवा! तुम्ही चोरासारखे घरात शिरलात, मग लोकांनी आजारी माणसं चोरीच्या मालासारखी लपवली. दोन्हीकडून मेली ती बाई.

बाजूला

तोडगा सासूबाईंनी काढला. "हिला बाजूला बसवू. म्हणू, कावळा शिवलाय."

आमच्या घरांत महिन्याचे चार दिवस बाई मागच्या खोलीत बसते. तिला कोणी शिवत नाही, तिच्या दाराकडे परका पुरुष तर बघतही नाही. आमच्या गल्लीत तपासणीला यायचे ते बळवंतराव, यांच्याच कचेरीतले आणि सोवळ्याचे भारी कडक. असला माणूस त्या खोलीत पाऊल टाकणं शक्य नव्हतं. सासूबाईंची अक्कल चालली ती अशी चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बळवंतराव आले. मी आतून सगळं ऐकत होते.

"माणसं किती?"

"चार."

"तीनच दिसतात."

"सून बाजूला बसली आहे."

"असं होय. बरं बरं," म्हणून ते दोन पावलं मागे सरकले असावेत, कारण आवाज लांब गेला. "बाकी सगळं ठीक?"

"देवाच्या दयेनं."

झाली तपासणी. प्लेग शोधायला आलेला माणूस विटाळाला भिऊन परत गेला. बाहेर चुना काय, फिनेल काय, दवंडी काय, आणि सगळ्यावर मात करून गेला एक कावळा!

आणि यातली खरी चीड आणणारी गोष्ट ऐका. मला खरंच बाजूला बसवलं असतं तर निदान कोणी माझ्याजवळ आलं नसतं. पण हे तर नाटक होतं ना, मग शिवायला हरकत कसली? मनू दिवसभर माझ्या उशाशी. पाण्याच्या पट्ट्या ठेवायची, गोष्टी सांगायची, सासरी गेल्यावर मी कशी ठसक्यात राहणार त्याच्या नकला करायची. रात्री तिथेच, कोठीच्या खोलीला लागून, जमिनीवर चटई टाकून झोपायची. मी ग्लानीत होते. दोनदा तिला म्हटलं, "वन्सं, लांब झोपा." ती म्हणाली, "मग तुम्हाला पाणी कोण देईल, तो कावळा?"

त्या संध्याकाळी हे दारात येऊन उभे राहिले. "यादीत आपलं घर निरोगी आलं आहे," म्हणाले.

"कोणी लिहिलं?"

"बळवंतरावांनी." आणि हळूच, "उतरवलं मी."

हे मनानं वाईट नाहीत. आयुष्यात कोणाला उलट बोलले नाहीत. पण गरीब स्वभावाचा माणूस घरात असला म्हणजे घर सुखी असतं असं जे म्हणतात, त्यांनी असल्या माणसाबरोबर प्लेग काढून बघावा.

झोपाळ्यावर

पाचव्या दिवशी मला थोडी शुद्ध होती. गाठ लिंबाएवढी झाली होती. पहाटे मनूनं मला पाणी पाजलं तेव्हा तिचा हात माझ्या हनुवटीला लागला. मी तापानं भाजत होते, तरी मला तो हात गरम लागला.

"वन्सं, अंग तापलंय तुमचं."

"चुलीपाशी होते." आणि उठताना ती लंगडली.

मी सासूबाईंना हाका मारल्या. त्या आल्या, त्यांनी मनूच्या कपाळाला हात लावला आणि तिला बाहेर घेऊन गेल्या. मला वाटलं, आता तरी सांगतील. पोटची पोर आहे.

तेवढ्यात बळवंतराव दुसऱ्या फेरीला आले. आता माझं ठीक होतं, माझ्यासाठी खोटं तयार होतं. चार दिवस उलटले होते तर सासूबाईंनी सांगितलं, "अजून अंगावरून जातंय, कमजोर आहे." पण मनूसाठी ते खोटं चालणार नव्हतं. लग्नाआधी मुलीला कावळा शिवला असं म्हणायची आमच्यात सोय नाही. तेवढ्या एका वाक्यानं लग्न मोडतं. तिला लपवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तिला दाखवायचं ठरवलं.

ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्या मला ऐकू आल्या. कर्र, कर्र. मनूला बसवलं होतं तिथे. नवं लुगडं नेसवून, केसांत फूल खोचून, हातात सुपारीचं तबक देऊन. तापलेल्या पोरीला!

"काय मनूताई, लग्नाची तयारी जोरात?" बळवंतराव म्हणाले.

"हो काका," मनू म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"चला, हेही घर निरोगी."

मग मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "बळवंतराव! मी बाजूला बसलेली नाही! मला प्लेग झालाय, पाच दिवस झाले! त्या पोरीलाही ताप आहे! हात लावून बघा तिला!"

झोपाळा थांबला. मी भिंतीला धरून दारापर्यंत गेले, चोळी तशीच सुटलेली, आणि परक्या पुरुषासमोर हात वर करून उभी राहिले. पलीकडच्या गल्लीतल्या बायकांना जबरदस्तीनं करायला लावलं तेच मी आपण होऊन केलं. बळवंतराव उंबऱ्यावरून खाली रस्त्यात उतरले आणि तिथून म्हणाले, "अहो, हे आधी सांगायचं!"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "घरबुडवी," एवढंच म्हणाल्या.

छावणी

गावाबाहेर तरसालीच्या बाजूला शेतात तट्ट्यांच्या झोपड्या होत्या. आजाऱ्यांच्या एका बाजूला, आजाऱ्यांच्या घरच्यांच्या दुसऱ्या बाजूला, मध्ये बांबूचं कुंपण. बैलगाडीतून आम्हाला नेलं तेव्हा सगळी गल्ली दारं लावून फटीतून बघत होती. बघा म्हटलं, नीट बघा, उद्या तुमचा नंबर.

तिथलं दिवसाचं चक्र ठरलेलं. सकाळी ताप बघायचा, मग पेज, मग गाठीवर गरम पोटीस, दुपारी डॉक्टर, संध्याकाळी पुन्हा ताप. जातीजातीचा स्वयंपाक वेगळा. मरायला टेकलेल्या माणसाला कोणाच्या हातची पेज हा प्रश्न पडत नाही, पण बाहेरच्यांना पडतो. औषध म्हणून दारू देतात अशी आवई होती म्हणून शेजारच्या खाटेवरच्या बाई ओठच उघडत नसत. त्या गेल्या तशाच, ओठ मिटून.

एक जमनाबेन होत्या, आमच्या झोपडीत शुश्रूषेला नेमलेल्या विधवा गुजराती बाई. अंगानं आडव्या, तोंडानं फटकळ. काखेत बघताना आधी आपल्या पदरानं आडोसा करायच्या. तपासणीत जे कोणाला सुचलं नाही ते या बाईला न सांगता सुचत होतं. माझी गाठ फुटली त्या दिवशी मी ओठ चावून पडले होते तर म्हणाल्या, "रडी ले, बेन. अहीं कोई ना नथी पाडतुं." इथे कोणी नाही म्हणत नाही. मी मनसोक्त रडले. सासरी आल्यापासून तेवढं रडायला जागा मिळाली नव्हती.

मनूची खाट माझ्या शेजारीच होती. तिची गाठ जांघेत होती, म्हणून ती लंगडत होती. दोन दिवस ती कधी शुद्धीत, कधी नाही. एकदा डोळे उघडून तिनं मला विचारलं, "वहिनी, मी झोपाळ्यावर चांगली बसले होते ना? कोणाला कळलं नाही ना?"

मी म्हटलं, "छान बसला होतात."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. माझा हात तिच्या खाटेपर्यंत पोचत होता, तेवढं एक झालं. सासूबाई आणि हे कुंपणापलीकडे होते. त्यांना आत सोडलं नाही. सासूबाईंचं रडणं ऐकू येत होतं आणि देव साक्षीला आहे, मला त्यांची दया आली नाही.

मी डॉक्टरला विचारलं, "मला पाच दिवस आधी आणलं असतं तर ती वाचली असती?" तो तरुण होता, गुजराती, मराठी मोडकं बोलायचा. म्हणाला, "बेन, मी देव नाय. पण उंदीर मेला तेच दिवशी घर सोडायचं होतं. दवंडीमधी तेच तर सांगितलं होतं."

हो. चार प्रतींत.

घरी

दीड महिन्यानं घरी आले तेव्हा छपरावरची कौलं काढलेली होती. ऊन आत यावं म्हणून. भिंतींना चुना, जमिनीवर फिनेलचा वास. गाद्या, गोधड्या, मनूचं लग्नाचं लुगडं, सगळं जाळलं होतं. कौलं उतरवा, मला पटतं. पण उतरवलेली निम्मी कौलं गल्लीत फोडून टाकली होती, ती कशासाठी? त्यातूनही रोग जातो का? विचारलं तर शिपाई म्हणतो, वरून हुकूम.

सासूबाई म्हणाल्या, "तू तोंड उघडलंस म्हणून माझी पोर परक्या तट्ट्यात गेली. घरी असती तर तोंडात तुळशीचं पान तरी पडलं असतं."

मी म्हटलं, "सासूबाई, तुम्हाला तुळशीचं पान घालायचं होतं, मला ती जिवंत हवी होती."

मी यांना सांगितलं, पुढच्या वेळी उंदीर दिसला आणि तुम्ही कचेरीत गेलात, तर परत येताना घरात मी नसेन. त्यांनी मान हलवली. त्या मानेवर माझा काडीइतका विश्वास नाही, म्हणून कोठीची खोली रोज सकाळी मीच बघते.

पुढल्या हिवाळ्यात पुन्हा उंदीर पडायला लागले तेव्हा मी बळवंतरावांच्या दारात गेले. म्हटलं, "बायकांच्या खोल्यांत तुम्हाला जाता येत नाही. मला जाता येतं." त्यांनी आढेवेढे घेतले, वर विचारतो म्हणाले. त्यांनी विचारलं की नाही, देव जाणे. मी दुसऱ्या दिवसापासून जायला लागले. दारात सासवा उभ्या राहतात आणि म्हणतात, "सून बाजूला आहे." मी म्हणते, "मीही आहे. सरका." आत जाते, दार लावते, आधी माझ्या काखेतला व्रण दाखवते आणि मग तिची काख बघते. शिव्या खाल्ल्या आहेत, एकीनं अंगावर राख टाकली. पण गेल्या हिवाळ्यात अकरा जणी वेळेवर बाहेर निघाल्या, आणि त्यांची घरंही निघाली. प्लेगची लस टोचून घ्यायची टूम आली तेव्हा पोळेच्या चौकात पहिला दंड मी पुढे केला. दोन दिवस हात सुजला, ताप आला, आणि बायका म्हणाल्या, बघा. म्हटलं बघा, अजून आहे मी.

विहीणबाई

सगळ्यात जास्त राग मला ज्याचा येतो ते आता सांगते.

वर्षभरानं रावपुऱ्याच्या विहीणबाई भेटायला आल्या. मनूची होणारी सासू. आम्हाला वाटलं होतं, आमचं घर प्लेगचं निघालं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं असणार. त्या सासूबाईंच्या गळ्यात पडून रडल्या आणि रडता रडता बोलून गेल्या.

"आमचाही धाकटा त्याच महिन्यात गेला हो. आठ दिवस माळ्यावर ठेवला होता त्याला. तुम्हाला कळू दिलं नाही. म्हटलं, कळलं तर तुम्ही लग्न मोडाल."

मग दोघी पुन्हा एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

मी तिथेच उभी होते. मला रडू आलं नाही. अर्ध्या कोसावरची ही दोन घरं. एकानं मुलगा माळ्यावर लपवला, दुसऱ्यानं मुलगी झोपाळ्यावर बसवली, आणि दोघांनाही एकमेकांचीच भीती! दोघांपैकी एकानं जरी निरोप धाडला असता, की आमच्याकडे ताप आहे, मुहूर्त पुढे ढकलू, तर दुसऱ्यानं सुटलो म्हणून हात जोडले असते. मी हे सगळं तोंडावर बोलले. दोघींनी ऐकून घेतलं.

डोळे पुसून झाल्यावर विहीणबाईंनी चहा घेतला. मग म्हणाल्या, "झालं ते झालं. मनूशी ठरलेला आमचा मोठा अजून तसाच आहे. तुमच्या नात्यात एखादी मुलगी असेल तर सुचवा ना."

सासूबाई आठवायला लागल्या. खरंच आठवायला लागल्या!

मी म्हटलं, "माझी मावसबहीण आहे, बारा वर्षांची. पण आधी मी तुमच्या घरी येणार. माळ्यासकट सगळ्या खोल्या उघडून दाखवायच्या, आणि आमच्या सगळ्या तुम्ही आजच बघून जायच्या."

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. मी उठले आणि मागच्या खोलीचं दार सताड उघडलं.